बरफवाले भाऊजी

माझ्या धाकट्या दिराला रिठदात कोणी उकंडराव म्हटलं नाही. राव म्हणवून घ्यायला माणसाकडे जमीन तरी असावी लागते, नाहीतर पोट तरी. त्यांच्याकडे दोन्ही बेताचंच. लहानपणी ते उकंड्या होते, बोटीवरून परत आल्यावर ‘बरफवाला’ झाले, आणि मी पहिल्या दिवसापासून त्यांना भाऊजीच म्हणत आले.

उकंडा हे नाव काही हौसेनं ठेवलेलं नाही. माझ्या सासूबाईंची, कस्तुराबाईंची, आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. मग हे जन्मले तेव्हा सुइणीनं त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि सासूबाईंनी केरातून काही उचलावं तसं उचलून घरात आणलं. यमाला वाटावं, टाकाऊ माल आहे, कशाला न्यायचा. आमच्याकडे तशी रीतच होती. यम फसला असेल नसेल, गाव मात्र फसलं. गावानं या माणसाला शेवटपर्यंत टाकाऊच धरलं, आणि त्याचा मला राग आहे. आजही आहे.

मी या घरची मोठी सून, तुळसा. माहेर अनसिंगचं. चौथीपर्यंत शिकले म्हणून चार ओळी लिहिता येतात. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण दर ओळीत ‘हे’ लिहीत बसले तर वाचणाऱ्याला कळायचं नाही की कोणते हे. म्हणून सांगून टाकते, रामकिसन. शेती थोडी, बैल दोन, स्वभाव गरीब. धाकट्या भावावर त्यांचा फार जीव. तो भाऊ मिसरूड फुटायच्या वयात हिंगोलीच्या एका कापूसवाल्याबरोबर हमालीला मुंबईला गेला आणि तिथून गोदीत, गोदीतून बोटीवर, असा सरकत सरकत थेट पृथ्वीच्या डोक्यावर जाऊन पोचला. आमच्या घरात वाशीमच्या पलीकडे कोणी गेलेलं नव्हतं.

बोटीवर आधी ते भट्टीत कोळसा ओढायचे. पण नजर जबरदस्त. लहानपणी ज्वारी राखायला शेतात चार खांबांवर माळा बांधतात, त्याच्यावर बसून त्यांनी रानडुकरं हाकलली होती. अंधारातलं जनावर नुसत्या हलण्यावरून ओळखायचे. ही गोष्ट कशी कोण जाणे सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, ध्यानात आली आणि त्यांना भट्टीतून काढून वर टेहळणीला उभं केलं. ती बोट विलायतेहून निघून कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका उपसागरात गहू भरायला जायची. तो उपसागर वर्षातले बरेच महिने गोठलेला असतो. उन्हाळा सरता सरता वाट उघडते आणि थंडी पडली की मिटते. तेवढ्यात जायचं, भरायचं, निघायचं. आणि जाताना येताना बर्फ पाहायचं.

छप्पन साली ते मोठ्या सुट्टीवर घरी आले. दुसऱ्याच दिवशी पारावर त्यांची उलटतपासणी झाली. मी पाण्याला जाताना सगळं ऐकलं, म्हणजे घागर मुद्दाम सावकाश भरली.

“काय काम करत होता रे बोटीवर?”

“बरफ पाह्यत होतो.”

“पाह्यत म्हंजे?”

“पाह्यत म्हंजे पाह्यत. समुद्रात बरफ दिसलं की सांगायचं. मंग बोट वळवतात.”

“अन् नाई दिसलं त?”

“त नाई दिसलं म्हून सांगायचं.”

पार हसून हसून लोळला. कोणी म्हणालं, आमच्या बुडाले वखरावर घट्टे पडले अन् ह्याले नुसता पाह्याचा पगार! कोणी म्हणालं, समुद्र खारा असते बे, खारं पाणी गोठते काय? बर्फ म्हणजे वाशीमच्या बाजारात भुशात गुंडाळून, पोत्याखाली झाकून येणारी लादी, शरबतात टाकायची. ती समुद्रावर कोणी नेऊन ठेवली, असा त्यांचा सवाल होता. भाऊजींना एखादी थाप मारता आली असती. गोदामाचा मुकादम होतो म्हणाले असते तर त्याच दिवशी ‘राव’ झाले असते. पण त्यांना तेवढं जमत नव्हतं. जे पाहिलं ते सांगायचे, आणि विचारलं तेवढंच सांगायचे.

लोकांना पटावं म्हणून एकदा त्यांनी चारचौघांना विहिरीवर नेलं. बोटीवर रडार नावाचं यंत्र असतं ते समजवायला. काठावर ओणवं होऊन आत हाक मारली आणि म्हणाले, “पाहा, हाक परत आली. किती वेळानं आली त्याच्याहून पाणी किती खोल थे समजते. रडार अशीच हाक मारते. पुढं बरफ असलं त बरफ ओ देते, अन् गोल काचेवर हिरवा ठिपका उमटते. पण बरफ चापट असलं, लाटांत दडून असलं, त थे ओ देत नाई. त्याच्यासाठी माणूस लागते.” चारचौघांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो विहिरीत डोकावून ओरडायला लागला, “ओ बरफवाले!” आणि विहीर इमानदारीनं त्यांची थट्टा दुप्पट करून परत द्यायची.

मला मात्र ऐकायला आवडायचं. मी भाकरी थापायची, ते चुलीपुढं ज्वारीच्या धाटाचा तुकडा सोलत बसायचे आणि सांगायचे. की बोटीच्या पुढं विमान फिरून येतं आणि बिनतारीवरून कळवतं, इथं बर्फ, तिथं मोकळं पाणी. साहेब ते नकाशावर पेन्सिलीनं काढतो. पण बर्फ काही पेन्सिलीच्या रेघेत बसून राहत नाही, वारा आला की चाललं. मग पुढचं काम डोळ्यांचं. “वहिनी, बरफ दिसायच्या लय आधी त्याचा उजेड दिसते. ढगाच्या पोटाखाली पांढरी झाक येते. सरकी काढायच्या जिनात कापसाची गंजी पडली की वरचे पत्रे कसे उजळतात, तसं. अन् जिथी पाणी मोकळं, तिथी ढगाचं पोट काळं.” मी म्हणायची, भाऊजी, इतकं लांबचं दिसतं तर समोरची चटणी का दिसत नाही, ताटात तशीच राहिली आहे. तेव्हा ते हसायचे.

एक गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली. टेहळणीच्या पहिल्या फेरीतली.

आमच्याकडे दिवस बुडाल्यावर रानात वाघरू, साप यांचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणायचं. नाव घेतलं की ते आलंच समजा. माळ्यावर बसणाऱ्या प्रत्येक पोराला हे आधी शिकवतात आणि गोफण मारायला मागून. तर भाऊजी बोटीच्या नाकावर उभे, तिन्हीसांजेची वेळ, समुद्र खवळलेला. त्यांना समोर पाण्यात काचेसारखं काळपट काहीतरी बुडताना आणि वर येताना दिसलं. बर्फच. जुनं, अर्ध्याहून जास्त पाण्याखाली. रडारवर लाटांच्या गिचमिडीत ते दिसतच नव्हतं. भाऊजी ओरडले, “जनावर! जनावर!” सारंग कोकणातला. त्याला वाटलं, देवमासा दिसून हे वऱ्हाडी येडं भेदरलं. त्यानं साहेबाला तसं सांगितलं. साहेब म्हणाला, जाऊ दे, मासा होईल बाजूला.

मासा नव्हता, तो कशाला बाजूला होतो! बर्फ बोटीला बाजूनं घासलं. पत्रा चेपला, पुढच्या कोठीत पाणी शिरलं, दिवसभर पंप चालले. माणूस दगावला नाही एवढं नशीब.

मोठ्या साहेबानं बोलावून घेतलं. भाऊजींना वाटलं, आता पुढच्या बंदरात उतरवतात. साहेबानं सारंगाकरवी विचारलं, तुला बर्फ दिसलं होतं, तर बर्फ का नाही म्हणालास? भाऊजींनी खरं ते सांगितलं, की अशा वेळी नाव घेतलं तर ते अंगावर येतं. सारंगाला भाषांतर करायची लाज वाटली, पण त्यानं केलं. साहेब काही हसला नाही. तो म्हणाला, “नाव नाही घेतलं म्हणून आलं.” आणि या माणसाला टेहळणीवरून काढू नका म्हणाला, कारण यंत्राला नाही दिसलं ते याला दिसलं आहे. फक्त याला बोलायला शिकवा. काय दिसलं, कोणत्या अंगाला दिसलं, किती लांब आहे. एवढंच सांगायचं, पण तोंड भरून सांगायचं.

“तव्हापासून वहिनी,” भाऊजी म्हणाले, “मी थे शिकलो. बाकी बोटीवर काय शिकलो म्हणसान त, काईच नाई.”

आता ललिताचं. भाऊबीजेला मी माहेरी निघाले, तेव्हा दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, हाकायला भाऊजी आले. माहेरी आमच्या शेजारी बबनराव राहतात, चांगल्या बैलबारदान्याचा माणूस. ललिता त्यांची लेक. लग्नाच्या आठव्या महिन्यात नवरा गेला आणि ती परत बापाच्या घरी आली. आमच्यात अशा बाईचा पुन्हा पाट लावतात, म्हणजे साधं दुसरं लग्न, वाजंत्री नाही, गाजावाजा नाही. दोन-तीन जागा सांगून आल्या होत्या, ती कोणाला हो म्हणत नव्हती. तिखट आहे म्हणून बायका नावं ठेवायच्या. बाई नाही म्हणाली की ती तिखट, हा न्याय जुनाच आहे.

माहेरच्या ओसरीवर पुन्हा तोच बर्फाचा विषय निघाला आणि पुन्हा तोच हशा. ललिता दाराशी उभी राहून ऐकत होती. हशा ओसरल्यावर तिनं विचारलं, “मंग त्या बरफाखाली मासोळ्या जित्या राह्यतात का?”

भाऊजींनी वळून पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना कोणी खरा प्रश्न विचारलाच नव्हता.

“राह्यतात,” ते म्हणाले. “वरतून गोठते. खाली पाणी राह्यते. म्या पायल्या.”

“बरं झालं,” ललिता म्हणाली आणि आत गेली.

बस, एवढंच बोलणं. पण परत येताना दमणीत भाऊजी गप्प, आणि बैल आपापल्या मनानं चालत होते. दुसऱ्या दिवसापासून रोज दाढी व्हायला लागली. केसाला तेल. मी विचारलं, काय भाऊजी, बोटीवर जायची तारीख जवळ आली का? तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग मीच मध्ये पडले. बबनराव आधी नाक मुरडत होते, फेकू माणूस आहे म्हणे. मी माहेरवाशिणीच्या हक्कानं भांडले. शेवटी ते म्हणाले, संक्रांत होऊ दे, घर पाह्याले येतो, पसंत पडलं त तिथीच कुंकू लावून टाकू. भाऊजींनी ते ऐकलं आणि परत बोटीवर रुजू व्हायची तारीख जाऊ दिली. त्या माणसाला जन्मात एकच गोष्ट हवी होती, ती ललिता होती, आणि ती आता पंधरवड्यावर आली होती.

ज्वारीचं खळं चालू होतं. दुपारी मी भाकरी घेऊन निघाले, भाऊजी पाण्याची घागर घेऊन बरोबर. रामकिसन उघड्या अंगानं खळ्यावर बैल फिरवत होते. आम्ही अजून लांबच, शेताच्या धुऱ्यावर होतो. भाऊजी थांबले.

“वहिनी, दादाचं आंग पाहा.”

“काय झालं?”

“घामानं चमकून राह्यलं. डाव्या खांद्याखाली पाहा. तेवढंच चमकत नाई.”

मी पाहिलं. सगळी पाठ उन्हात ओली चकचकीत, आणि डाव्या खांद्याखाली तळहाताएवढी जागा कोरडी, फिकी. पाण्यावर सगळीकडे लाटा चमकत असल्या आणि एकाच ठिकाणी चमकत नसल्या, की तिथं काहीतरी असतं, असं ते मला आधी कधीतरी म्हणाले होते. आत्ता त्यांनी घागर ठेवली आणि चालायला लागले.

तो डाग मला ठाऊक होता. पावसाळ्यात दिसला तेव्हाच मी सासूबाईंना विचारलं होतं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता. म्हणाल्या, उष्णतेचं आहे, खोबरेल लाव. मी त्यांना दोष देत नाही. दोन लेकरं पुरलेली बाई होती ती. त्या रोगाचं नाव आमच्या घरात काय, गावातच कोणी घेत नसे. नाव घेतलं की तो उंबरा ओलांडतो म्हणायचे.

खळ्यावर भाऊजी रामकिसनच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बैलांबद्दल बोलायला लागले. बोलता बोलता त्यांनी ज्वारीचं एक कुसळ उचललं आणि त्या कोरड्या जागेत टोचलं. कुसळ किती टोचतं हे ज्यानं खळं केलं त्याला विचारा. रामकिसन आपले पांढऱ्या बैलाच्या खुराबद्दलच सांगत होते. भाऊजींनी पुन्हा टोचलं, जोरात. यांना पत्ता नाही. मग बाजूच्या चांगल्या चामडीवर टोचलं, तर “अबे!” करून वळले.

“दादा,” भाऊजी म्हणाले, “तुह्या पाठीवर महारोग हाय. डाव्या खांद्याखाली. अजून तळहाताएवढाच हाय, हाताबोटात नाई उतरला. आमच्या बोटीवर भट्टीवाल्या एकाले झाला होता. गोळ्या घेतल्या, साफ राह्यला. लवकर पाह्यलं म्हून.”

रामकिसन त्यांच्याकडे पाहत राहिले. बैल थांबले. मी भाकरीचं फडकं छातीशी धरून उभी. कोणी इतक्या साध्या आवाजात आपल्या नवऱ्याबद्दल असं बोलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. रडूही येईना.

संध्याकाळी घरात जो कल्ला झाला तो दाराला कडी लावून झाला. सासूबाई आधी भाऊजींना मारायला धावल्या, मग त्यांच्याच गळ्यात पडून रडल्या, आणि मग डोळे पुसून व्यवहारावर आल्या. “आठ दिवसांनी बबनराव येऊन राह्यले. पाट होऊ दे. मंग ने भावाले दवाखान्यात, नाईतर काशीले ने. चार दिवस तोंड शिवून ठेव बापा.” खरं सांगायचं तर मलाही तेच शहाणपणाचं वाटलं. रोग काही चार दिवसांत कुठं पळून जात नव्हता. पोरगी मात्र जात होती.

भाऊजी म्हणाले, “माय, चार दिवसांनी सांगतलं त थे सांगणं नव्हे.” मग रामकिसनकडे वळले. “दादा, पाठ तुही हाय. तू म्हणशीन त म्या कोणापाशी बोलणार नाई, मेलो तरी नाई. पण मंग म्या ललितालेबी मांगणार नाई. तिले या घरात आणायचं त सांगून आणायचं.”

रामकिसन उठून गोठ्यात निजायला गेले. सकाळी बैलांना पेंड घालता घालता म्हणाले, “सांग. पण बैठकीत नको. एकट्या बबनरावाले सांग.” आणि मग तोंड फिरवून म्हणाले, “माह्या पायी तुहं होता होता राह्यलं त मले सोसणार नाई रे.” भाऊजींनी पुढं होऊन त्यांच्या त्याच खांद्यावर हात ठेवला. तो हात रामकिसनला किती कळला असेल कोण जाणे.

बबनराव आले. धोतर कडक, फेटा नवा, म्हणजे मनातून त्यांचं होच होतं. घर पाहिलं, गोठा पाहिला. मी चहा ठेवला. कुंकवाचा करंडा पाटावर मांडून ठेवला होता, सासूबाईंनीच. तेवढ्यात भाऊजी त्यांना गोठ्यामागं घेऊन गेले. चुलीजवळच्या झरोक्यातून मला दोघं दिसत होते. भाऊजींचे हात खाली सरळ. एकदा आपल्या डाव्या खांद्याला मागून हात लावून दाखवला. बबनराव काठी मातीत टोचत राहिले.

परत आले ते सरळ जोड्यांकडे. चहाच्या कपाला हात लावला नाही. दाराशी मला म्हणाले, “तुळसा, म्या हे गावात बोलणार नाई, शबूद देतो. पण म्या पोरीचा बाप हाय वो.” त्यांचा आवाज असा होता की त्यांच्यावरही राग करता येईना. राग करायचा तरी कोणाचा? मी चहा उकिरड्यावर नेऊन ओतला आणि तिथंच उभी राहून पोटभर रडून घेतलं. सासूबाईंनी करंडा उचलून देवळीत ठेवला आणि दोन दिवस त्या धाकट्या लेकाशी बोलल्या नाहीत.

भाऊजींनी दाढी करणं सोडलं. बाकी काही नाही. खळं आटोपलं, कडबा रचला, आणि पहिल्याच बाजाराच्या दिवशी रामकिसनला आणि मला दमणीत घालून वाशीमला नेलं. तिथल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा या रोगाचा डॉक्टर यायचा. मागच्या अंगाला वेगळी ओसरी. पुढच्या दारातून येणारे लोक त्या ओसरीला वळसा घालून जायचे, नाकाला धोतराचा सोगा लावून. डॉक्टरनं पाठ पाहिली, बोटं एकेक करून वाकवून पाहिली आणि म्हणाला, वेळेत आले, गोळ्या घ्या, पण खंड पडू द्यायचा नाही, दोन वर्षं लागोत की तीन. घरात सगळ्यांची अंगं पाहून जा. आम्ही दर आठवड्याला जायला लागलो. गावात सांगायचो, कापसाचं काम आहे. कापसाच्या कामाला बाई कशाला लागते, म्हणून शेजारणी माझ्याकडे जरा निरखून पाहायला लागल्या होत्या. भाऊजी प्रत्येक वेळी बरोबर. मी म्हटलं, आता बोटीवर जा, आम्ही येऊ एकटे. म्हणाले, तिकडं पाह्याले दुसरा मिळन.

उन्हं तापायला लागली होती, त्या वेळची गोष्ट. त्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. रामकिसन तांब्यातून पाणी पिऊन भिंतीला टेकले होते, भाऊजी पायरीवर. समोरून बाजाराची वाट जाते. त्या वाटेनं बायकांचा एक घोळका चालला होता, त्यातली एक थांबली, बाकीच्यांना काहीतरी म्हणाली आणि सरळ आमच्याकडे यायला लागली. वळसा न घालता.

ललिता होती. हातात तिखटमिठाची पिशवी. बायका तिकडं माना वळवून वळवून पाहत होत्या, आणि तिनं त्यांना पाहू दिलं.

मी घाईनं म्हटलं, “अगं, इथं कुठं? कोणी पाहिलं तर?”

“पाहू दे नं ताई. बाबांनी घरी सांगतलं मले. काहून फिरले थे विचारलं म्या, तव्हा सांगतलं. बाहेर नाई बोलले.” मग ती भाऊजींकडे वळली. भाऊजी केव्हाच उठून उभे राहिले होते. “एक पुसायचं होतं. तुमाले माहीत होतं का, सांगतलं त बाबा उठून जातीन म्हून?”

“होतं,” भाऊजी म्हणाले.

“तरी सांगतलं?”

“हो.”

ललितानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “माह्या पह्यल्या घरी रगत थुकत होते थे. लगनाच्या आधीपासून. सासूले माहीत, दिराले माहीत, मामंजीले माहीत. मांडवात सगळे हसून राह्यले होते. मले कोणी सांगतलं नाई. मले समजलं तव्हा थे उठून बसू शकत नव्हते.” तिचा आवाज चढला नाही. “थे चांगले होते वो. मले सांगतलं असतं त म्या पह्यल्या दिवसापासून दवा केली असती. नाईतर लगनालेच नाई म्हणली असती. काईतरी केलं असतं. मले कोणी काई करूच देलं नाई.”

रामकिसन भिंतीचा टेका सोडून ताठ बसले.

“म्या बाबाले सांगतलं हाय,” ललिता म्हणाली, “पाट लावायचा त रिठदाच्याच घरी, नाईतर मले पुन्हा पुसू नोका. आठ दिवस बोलले नाई माह्याशी. काल म्हणले, तुह्या मनानं कर.”

काय दिसलं, कोणत्या अंगाला, किती लांब, हे जगात कुठंही तोंड भरून सांगणारा माणूस आता तोंडच उघडेना. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं आवाज फुटला.

“ललिता, दोन-तीन वरसं गोळ्या चालतीन. लोकांले कवा तरी समजन. लोक घरी येणं बंद करतीन.”

“करू द्या,” ती म्हणाली.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसली, पदर सारखा केला. उन्हातून चालून आली होती. इकडं तिकडं पाहून तिनं रामकिसनच्या समोरचा तांब्या उचलला. ते घाईनं हात पुढं करून नाही नाही म्हणायला लागले, की माझा उष्टा आहे, दुसरं पाणी आणतो. ललितानं ऐकलं नाही. वरून धार धरली नाही, तोंड लावून प्यायली, सगळं पाणी संपेपर्यंत.